जॉर्ज वॉशिंग्टन विल्यम्सचे दोन खंड, नाशिकात छापून-बांधून घेतलेले : रिव्ह्यू

ज्यांना फक्त निकाल हवाय त्यांना आधीच सांगते, करून घ्या, पैसे वसूल आहेत. आता सविस्तर. आमच्या वाचनगटासाठी जॉर्ज वॉशिंग्टन विल्यम्स या माणसाचा ‘हिस्ट्री ऑफ द निग्रो रेस इन अमेरिका’ हा दोन खंडांचा इतिहास प्रोजेक्ट गुटेनबर्ग या इंटरनेटवरच्या लायब्ररीवरून फुकट उतरवून घेतला आणि अशोक स्तंभाजवळच्या एका छोट्या झेरॉक्स-बाइंडिंगच्या दुकानात ए५ साइजमध्ये पाठपोट छापून हार्ड बाइंडिंग करून घेतलं. रिव्ह्यू त्या दोन खंडांचा आहे, कागद, छपाई, शिलाई सगळं सांगणार आहे, पण खरं तर जास्त त्या माणसाचा आहे, कारण हा कोण होता हे माहीत नसताना पहिला खंड उघडला तर सुरुवातीच्या काही प्रकरणांतच कंटाळून बाजूला ठेवाल, आणि माहीत असलं तर खाली ठेववत नाही.

आधी थोडक्यात तो. १६ ऑक्टोबर १८४९ ला पेनसिल्व्हेनियात बेडफर्ड स्प्रिंग्जला जन्म, घरचे स्वतंत्र कृष्णवर्णीय, शाळा नावापुरती. अमेरिकेत उत्तर-दक्षिण यादवी युद्ध चालू होतं तेव्हा चौदाव्या वर्षी, खोटं नाव सांगून, युनियनच्या, म्हणजे उत्तरेच्या, फौजेत भरती झाला. युद्ध संपलं तरी हा घरी आला नाही, सरळ मेक्सिकोत गेला, तिथे सम्राट मॅक्सिमिलियनच्या विरुद्ध लढणाऱ्या प्रजासत्ताकवाल्यांच्या बाजूने लढला, मग परत येऊन अमेरिकेच्या १० व्या कॅव्हलरीत, म्हणजे कृष्णवर्णीय सैनिकांच्या घोडदळात, नोकरीला लागला. १८६८ मध्ये गोळीची जखम होऊन फौज सुटली. तेव्हा त्याचं वय किती, तर एकोणीसही पूर्ण नाही! आणि या सगळ्यात लिहिणं-वाचणं धड येत नव्हतं.

तिथून पुढे सहा वर्षांत, १८७४ मध्ये, तो मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूटन थिऑलॉजिकल इन्स्टिट्यूशन या ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या संस्थेतून पदवी घेऊन बाहेर पडतो, तिथून पदवी घेणारा पहिला कृष्णवर्णीय, आणि बोस्टनच्या ट्वेल्थ बॅप्टिस्ट चर्चचा पास्टर, म्हणजे धर्मगुरू, होतो. मग वॉशिंग्टनला जाऊन ‘द कॉमनर’ नावाचं वर्तमानपत्र काढतो, ते चालत नाही, मग सिनसिनाटीला युनियन बॅप्टिस्ट चर्चमध्ये पास्टर, तिथल्या वर्तमानपत्रात ‘अ‍ॅरिस्टाइडिस’ या टोपणनावाने लेख, अल्फोन्सो टाफ्ट (पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या विल्यम टाफ्टचे वडील) यांच्याकडे कायद्याचा अभ्यास, आणि १८७९ च्या निवडणुकीत ओहायोच्या विधानसभेवर निवड. ओहायोचा पहिला कृष्णवर्णीय आमदार, वय तीस.

एवढं समजल्यावर आमच्या गटातल्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न हाच होता की मग याने हजार पानांचा इतिहास लिहिला कधी? त्याचं उत्तर पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत आहे, आणि ती प्रस्तावना सगळ्यात आधी वाचा. ४ जुलै १८७६ ला अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला शंभर वर्षं झाली. त्या दिवशी ओहायोतल्या अ‍ॅव्हनडेल या गावात भाषण करायला विल्यम्सला बोलावलं होतं, विषय त्याने घेतला या शंभर वर्षांतला अमेरिकेतला कृष्णवर्णीय माणूस. भाषणासाठी शोधाशोध करताना लक्षात आलं की साहित्य भरपूर आहे, पण आपल्या लोकांचा सलग इतिहास कोणी लिहिलेलाच नाही. मग तो शोधत सुटला. प्रस्तावनेत तो सांगतो की बारा हजारांवर ग्रंथ पाहिले, त्यातल्या सुमारे हजारांचा उल्लेख तळटीपांत आहे, शिवाय हजारो पुस्तिका. हे सगळं हाताने, लायब्रऱ्यांतून कागद काढून काढून, पास्टरकी आणि आमदारकी सांभाळून. पुस्तक आलं १८८२ च्या शेवटी, पुटनम्स या प्रकाशकांकडून, मुखपृष्ठावर साल १८८३.

आता गुटेनबर्गबद्दल, कारण सेवेचा रिव्ह्यू म्हटलं तर अर्धं श्रेय त्यांचं. मायकल हार्ट नावाच्या विद्यार्थ्याने ४ जुलै १९७१ ला इलिनॉय विद्यापीठाच्या कॉम्प्युटरवर हाच स्वातंत्र्याचा जाहीरनामा टाइप करून टाकला, आणि तिथून फुकट पुस्तकांचं हे प्रचंड काम सुरू झालं. म्हणजे ज्या कागदाच्या शंभरीला विल्यम्स भाषणाला उभा राहिला, त्याच कागदापासून या लायब्ररीचीही सुरुवात. आणि दोन्हीत कुठेतरी तेच आहे बघा, की लिहिलेलं सगळ्यांच्या हातात पोचलं पाहिजे. जगभरचे स्वयंसेवक पानन् पान तपासून ही पुस्तकं चढवतात. विल्यम्सचे दोन्ही खंड तिथे पूर्ण आहेत, तळटीपांसकट, आणि तळटीपा गेल्या असत्या तर या पुस्तकात काही राम राहिला नसता.

कायद्याचं विचाराल तर काळजी नको. लेखक १८९१ मध्ये गेला, आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो, त्यामुळे स्वतःसाठी छापून घेण्यात काहीही चोरी नाही.

दुकान. नाव देत नाही, कारण दुकानवाल्या काकांनीच सांगितलं की “ताई, गर्दी नको, आहे तेवढं काम पुरतं मला.” त्यांचं काम जास्त करून कॉलेजच्या प्रोजेक्ट रिपोर्टचं आणि वकिलांच्या फायलींचं. आम्ही फाइल नेली तेव्हा त्यांनी आधी पेन ड्राइव्ह न लावता विचारलं, “वाचायचंय का कपाटात ठेवायचंय?” वाचायचंय म्हटल्यावर म्हणाले मग ग्लूने चिकटवून उपयोग नाही, एवढी जाड पुस्तकं चिकटवली की मधून दुभंगतात आणि पानं सुटायला लागतात, फर्मे पाडून दोऱ्याने शिलाई करू, पाठीला कापड लावू. वेळ लागला, पण त्यांचं बरोबर होतं. पुस्तक टेबलावर उघडं ठेवलं की उघडंच राहतं, हाताने दाबून धरावं लागत नाही, आणि आमच्या गटात पेन्सिल घेऊन वाचणारी मंडळी जास्त असल्यामुळे हे फार महत्त्वाचं ठरलं.

कागद ७० जीएसएमचा, किंचित पिवळसर. पांढराशुभ्र घेऊ नका, डोळ्याला लागतो. मागची शाई पुढे दिसते थोडी, पण वाचायला अडत नाही. नमुन्याची पानं पहिल्यांदा आली तेव्हा दुकानातल्या मुलाने पानं वाचवायला फॉन्ट इतका बारीक केला होता की तळटीपा भिंगाशिवाय दिसेनात. ते परत करून घेतलं. हे मुद्दाम सांगतेय कारण या पुस्तकात तळटीप म्हणजे शोभेची गोष्ट नाही, निम्मा जीव तिथे आहे. तळटीपेला निदान ९ पॉइंट ठेवायला सांगा, पानं वाढली तर वाढू देत. आतल्या बाजूची मार्जिन पाऊण इंच तरी हवी, नाहीतर शिलाईत अक्षरं जातात.

बाकी छपाई चांगली, दोन-तीन पानांवर टोनरचे पट्टे आले होते, ती काकांनी दुसरी पानं छापून बदलून दिली, वर पैसे मागितले नाहीत.

आता आतला मजकूर. पहिला खंड १६१९ ते १८००, दुसरा १८०० ते १८८०. पहिल्या खंडाची सुरुवात मानवजात एकच आहे इथपासून होते आणि तिथे विल्यम्समधला पास्टर बोलतो. नोहाने दिलेल्या शापामुळे कृष्णवर्णीय लोक गुलाम होण्यासाठीच जन्मले, असं गुलामगिरीचे समर्थक बायबलातून काढून दाखवत असत, तर हा बायबलच हातात घेऊन ते मोडून काढतो. हे वाचताना आमच्याकडे सगळ्यांच्या डोक्यात एकच नाव आलं. महात्मा फुल्यांच्या ‘गुलामगिरी’त धोंडीबा प्रश्न विचारतो आणि जोतीराव मत्स्य, कच्छ, वराह असा एकेक अवतार घेऊन त्याच्या मागची सत्ता उघडी करतात, ते पुस्तक १८७३ चं. दोघांनी एकमेकांचं नावही ऐकलेलं असायची शक्यता कमीच, पण दोघांनाही कळलं होतं की आधी पोथीत घुसलं पाहिजे, कारण अन्याय करणारा माणूस सगळ्यात आधी पोथीच्या मागे जाऊन उभा राहतो.

मग आफ्रिकेतल्या राज्यांवर प्रकरणं आहेत. ती मला खटकली. तिथे विल्यम्स त्या काळच्या मिशनऱ्यांच्या चष्म्यातून बघतो, आफ्रिकेचं कल्याण म्हणजे तिथे ख्रिस्ती धर्म आणि इंग्रजी सुधारणा पोचणं असं तो धरून चालतो, भाषाही फार अलंकारिक. ही प्रकरणं भराभर पुढे ढकला, चालेल.

खरं पुस्तक सुरू होतं वसाहतींपाशी. व्हर्जिनिया, न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्स, मेरिलँड, एकेक वसाहत घेऊन तिथे गुलामगिरी कायद्यात कशी शिरली ते तो दाखवतो, आणि दाखवतो म्हणजे सांगत नाही, कायदाच समोर ठेवतो, कलमासकट. आईची जी स्थिती ती मुलाची, बाप्तिस्मा घेतला तरी गुलाम तो गुलामच, हे नियम कोणी एका रात्रीत केले नाहीत, विधिमंडळात बसून, मतं घेऊन, सावकाश केले. हे लिहिणारा माणूस स्वतःही एका विधिमंडळात जाऊन बसला होता हे लक्षात ठेवून ही पानं वाचा, वेगळीच वाचली जातात. ओहायोत त्याने गोऱ्या-काळ्यांच्या लग्नाला बंदी घालणारा कायदा रद्द व्हावा म्हणून प्रयत्न केला, जमलं नाही. तो कायदा गेला १८८७ मध्ये, बेंजामिन आर्नेट या दुसऱ्या आमदाराच्या विधेयकामुळे, आणि आर्नेटही चर्चचा पास्टरच.

पण आमदारकीत विल्यम्सचं सगळंच गोड होतं असं नाही आणि ते लपवून त्याची पूजा करण्यात मला रस नाही. अ‍ॅव्हनडेलमधली कृष्णवर्णीयांची दफनभूमी बंद करायच्या विधेयकामागे तो उभा राहिला आणि त्याचेच मतदार भयंकर चिडले. एकच टर्म झाली, १८८० ते १८८१. कर्ज कायम डोक्यावर, बायको-मुलाला सोडून तो पुढे निघून गेला, स्वतःबद्दल सांगताना वाढवूनही सांगायचा. आमच्या गटातल्या एका निवृत्त शिक्षिका यावर बराच वेळ बोलल्या, की असल्या माणसाच्या इतिहासावर विश्वास कसा ठेवायचा. त्यांना दुसऱ्या एकांनी उत्तर दिलं ते मला पटलं, “मॅडम, त्याच्यावर ठेवूच नका ना, त्याने खाली पुरावा दिलाय त्यावर ठेवा.”

आणि हेच मला या रिव्ह्यूत सांगायचंय. विल्यम्सने आयुष्यात जे जे केलं त्यात एक गोष्ट कायम आहे, की नुसतं बोलायचं नाही, कागद दाखवायचा. प्रस्तावनेत तो म्हणतो की मी माझ्या लोकांचा आंधळा भाट म्हणून लिहीत नाहीये, कैवारी म्हणूनही नाही, मला सत्य मांडायचंय. हे तर बरेच जण म्हणतात, पण हा पुढची हजार पानं तेच करतो.

उदाहरण देते. अमेरिकन क्रांतीत कृष्णवर्णीय सैनिक होते की नव्हते, यावर तो वाद घालत बसत नाही. जॉर्ज वॉशिंग्टनच्या छावणीतले हुकूम देतो, ज्यात त्यांना भरती करू नका म्हटलंय. मग नोव्हेंबर १७७५ चा व्हर्जिनियाचा ब्रिटिश गव्हर्नर लॉर्ड डनमोरचा जाहीरनामा येतो, की जे गुलाम आमच्या बाजूने लढतील ते मुक्त. आणि मग डिसेंबरात वॉशिंग्टनचं धोरण बदलतं, आधी लढलेल्या स्वतंत्र कृष्णवर्णीयांना परत घ्यायला तो तयार होतो. तीन कागद शेजारी शेजारी, आणि वाचणाऱ्याला कळतं की तत्त्वामुळे काय झालं आणि गरजेमुळे काय झालं. ज्याने स्वतः चौदाव्या वर्षी खोट्या नावाने रायफल उचलली त्याला हा प्रश्न किती जवळचा असेल सांगा, पण तो कुठेही स्वतःची कथा घुसडत नाही. मला तर वाटत होतं घुसडावी.

बौद्धिक कर्तृत्वावरचं प्रकरणही बघा, त्यात बेंजामिन बॅनेकर आहे, १७३१ चा जन्म, स्वतः शिकून खगोलगणित करणारा, पंचांगं छापणारा. याच बॅनेकरने १७९१ मध्ये थॉमस जेफरसनला पत्र पाठवून विचारलं होतं की सगळी माणसं समान जन्मतात असं तुम्हीच लिहिलंत, मग ही गुलामगिरी कशी चालते.

दुसरा खंड जास्त वेगाने जातो आणि जास्त जड जातो मनाला. गुलामगिरीविरुद्ध शस्त्र उचलणारा गोरा जॉन ब्राऊन आहे, यादवी युद्ध आहे, २७ मे १८६३ ला पोर्ट हडसनवर कृष्णवर्णीय कॅप्टन आंद्रे काययू पडतो ते आहे, १८ जुलैला फोर्ट वॅग्नरवर ५४ वी मॅसॅच्युसेट्स ही कृष्णवर्णीय सैनिकांची पलटण तुटून पडते ते आहे. पगाराचा मुद्दा तर आमच्या गटात सगळ्यात जास्त गाजला. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर, कृष्णवर्णीयाला १०, आणि त्यातले ३ कपड्यांचे कापून हातात ७. ५४ व्या पलटणीने मग पगारच घेतला नाही, महिनोन्महिने फुकट लढले, पण कमी पगारावर सही केली नाही. जून १८६४ मध्ये काँग्रेसने समान पगार मान्य केला. या युद्धात सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक युनियनच्या फौजेत होते.

हा आकडा वाचल्यावर आम्ही परत ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका काढून वाचली. फुल्यांनी ते पुस्तक अमेरिकेतल्या त्या सज्जन लोकांना अर्पण केलंय ज्यांनी गुलामांना दास्यातून मुक्त करण्यासाठी झीज सोसली, आणि आपल्या देशबांधवांनीही तो कित्ता गिरवावा अशी आशा व्यक्त केलीय. १८७३ मध्ये पुण्यात बसून एवढं लांबचं बघणं ही फार मोठी गोष्ट आहे. विल्यम्स त्यात जे भरतो ते असं, की मुक्त करणाऱ्यांत ते गुलाम स्वतःही होते, बंदूक घेऊन, अर्ध्या पगारावर. दोन्ही पुस्तकं एकापाठोपाठ वाचली तर दोन्ही मोठी होतात. विल्यम्सचं पुस्तक छापून आलं त्याच १८८२ साली फुल्यांनी हंटर आयोगापुढे शूद्रातिशूद्रांच्या शिक्षणाचं निवेदन दिलं. तिथेही आकडे, शाळा, फी, कोणाच्या पैशावर कोण शिकतंय याचा हिशोब. इकडेही हिशोब, तिकडेही हिशोब.

आणि नाशिककरांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, वर्षानुवर्षं चालला, त्यातलं आज आपल्याला जे नेमकेपणाने माहीत आहे त्यातलं कितीतरी दादासाहेब गायकवाडांनी बाबासाहेबांची पत्रं जपून ठेवली म्हणून माहीत आहे. पंचवटीत राहणारे लोक आहेत आमच्या गटात, रोज त्या दरवाज्यावरून जातात. त्यातल्या एकाने पहिल्या खंडाचा कायद्यांचा भाग वाचून सांगितलं की आमच्या आज्याकडे सत्याग्रहाच्या वेळच्या आठवणी होत्या, पण कोणी लिहून घेतल्या नाहीत. त्यावर बोलण्यासारखं कोणाकडे काही नव्हतं. नंतर ठरलं की गटातल्या ज्यांच्या घरी जुने कागद, पावत्या, पत्रं, फोटो असतील त्यांनी ते स्कॅन करून आणायचे, आणि काकांच्याच दुकानात स्कॅनिंग चालू आहे सध्या.

विल्यम्सचा शेवट या खंडांत नाही, साहजिकच, त्यामुळे तो इथे सांगते. १८८९ मध्ये तो ब्रुसेल्सला बेल्जियमचा राजा लिओपोल्ड दुसरा याला भेटला आणि भारावला. आफ्रिकेतला काँगो तेव्हा या राजाच्या खासगी ताब्यात होता, आणि तिथे तो म्हणे गुलामांचा व्यापार बंद करतोय, शाळा काढतोय. विल्यम्सला वाटलं अमेरिकेतले शिकलेले कृष्णवर्णीय तरुण तिथे कामाला न्यावेत. राजाने जाऊ नको असं सुचवलं, तरी १८९० मध्ये हा स्वतः गेला, काँगो नदीने वर वर थेट स्टॅनली फॉल्सपर्यंत. आणि तिथे जे दिसलं त्यावर १८ जुलै १८९० ला, म्हणजे फोर्ट वॅग्नरच्या लढाईला बरोबर सत्तावीस वर्षं झाली त्या तारखेला, त्याने लिओपोल्डला उघडं पत्र लिहिलं. त्यात बारा आरोप. गावप्रमुखांना हातात लपवलेल्या बॅटरीच्या तारेने झटका देऊन गोऱ्या माणसाची ताकद दाखवायची, भिंगाने सिगार पेटवून सूर्य आमचं ऐकतो म्हणायचं, दारूच्या काही खोक्यांवर गावंच्या गावं लिहून घ्यायची, साखळदंडात माणसं कामाला लावायची, आणि गुलामगिरी बंद करायला आलोय म्हणत स्वतःच माणसांची खरेदी-विक्री करायची. शाळा? दवाखाने? मी शोधले, सापडले नाहीत, असा सगळा सूर.

इथेही बघा, तोच माणूस. राजाला शिव्या नाहीत, बारा मुद्दे आहेत. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री ब्लेन यांना सप्टेंबरमध्ये लिहिलेल्या पत्रात त्याने या कारभाराला मानवतेविरुद्धचे गुन्हे म्हटलंय. १८९० मध्ये! युरोपातली मोठमोठी माणसं लिओपोल्डला दानशूर म्हणत होती तेव्हा. परत येताना आजारी पडला, क्षय आणि फुफ्फुसाच्या आवरणाचा दाह, २ ऑगस्ट १८९१ ला इंग्लंडमध्ये ब्लॅकपूलला गेला, वय एकेचाळीस. लिओपोल्डच्या हातून काँगो निघाला १९०८ मध्ये, तोवर दुसऱ्या लोकांनी मोठी चळवळ उभी केली होती. विल्यम्सच्या थडग्यावर नावाचा दगडसुद्धा नव्हता, तो बसवला इतिहासकार जॉन होप फ्रँकलिन यांनी, १९७५ मध्ये. या फ्रँकलिन यांनी विल्यम्सच्या आयुष्याचे कागद गोळा करण्यात जवळपास चाळीस वर्षं घालवली, चरित्र आलं १९८५ ला. कागदाचा माणूस होता, त्याला कागद शोधणारा माणूस मिळाला, याचं मला फार बरं वाटतं.

तर विकत घ्यायचं की छापायचं? ऑनलाइन तयार छापलेल्या प्रती मिळतात, पण त्यातल्या बऱ्याच जुन्या पुस्तकाच्या फोटोकॉपी असतात, अक्षर उडालेलं, आणि एवढ्या जाडीला चिकटवलेली पाठ टिकत नाही. मोबाइलवर फुकट आहेच, पण मोबाइलवर हे पुस्तक वाचू नका, तळटीप उघडायची, परत वर यायचं, परत खाली, यात धागा सुटतो. ज्यांना दोन्ही खंड झेपणार नाहीत त्यांनी दुसरा आधी छापा आणि पहिल्यातली फक्त प्रस्तावना, वसाहतींचा भाग आणि क्रांतीचा भाग वेगळा स्पायरल करून घ्या, तेवढ्यातही काम होतं. इंग्रजी जुन्या वळणाचं आहे, वाक्यं लांब लांब, पण कायदे आणि पत्रांचा भाग सरळ आहे, कॉलेजच्या मुलांना जमतोय. मराठीत कोणीतरी हे आणायला हवं, निदान प्रस्तावना आणि उघडं पत्र तरी, आमच्यातल्या दोघी पत्रावर काम करतायत.

फाइल नेताना पीडीएफच न्या, वर्डची नेली तर दुकानातल्या कॉम्प्युटरवर सगळी रचना हलते. दोन्ही खंडांच्या पाठीवर खंड क्रमांक आधी कागदावर लिहून द्या, सोनेरी ठसा वेगळा लागतो आणि त्याचे पैसे वेगळे. शनिवारी गेलात तर प्रोजेक्टवाल्या मुलांची रांग असते, आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी जा, काका निवांत असतात आणि शिलाई स्वतः करतात.